परी-जीपीची मदत टर्मिनलमधूनच कशी घ्यावी: एक, दोन आणि तीन प्रश्नचिन्हांचा वापर

कोल्हापुरात एम.एस्सी. गणितासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड अशा डोंगराळ तालुक्यांतले असतात. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की रस्ते बंद होण्याआधी ते गावी परततात, आणि त्यानंतर वीज असली तरी नेटवर्कचा भरवसा राहत नाही. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर असते, सोडवायची उदाहरणेही असतात. पण फंक्शनचे नेमके नाव किंवा त्याला संख्या कोणत्या क्रमाने द्यायच्या हे आठवत नाही, आणि इंटरनेटवर शोधता येत नाही म्हणून अभ्यास थांबतो.

हे थांबणे टाळता येते. गणिताच्या बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्याची संपूर्ण माहिती-पुस्तिका संगणकावरच साठवलेली असते आणि टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीतून, एका ओळीच्या आज्ञेने ती वाचता येते. नेटवर्क उत्तम असतानाही मी विद्यार्थ्यांना आधी तिकडेच पाठवतो, कारण इंटरनेटवर सापडणारे उत्तर बहुधा दुसऱ्याच आवृत्तीसाठी लिहिलेले असते, तर सॉफ्टवेअरसोबत आलेली मदत ही आपल्याकडच्या आवृत्तीचीच असते. या लेखात परी-जीपी या सॉफ्टवेअरची मदत-यंत्रणा पायरीपायरीने पाहू. संख्या-सिद्धांतातील, म्हणजे पूर्णांकांच्या अभ्यासातील, गणितांसाठी हे सॉफ्टवेअर फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात आंरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून उभे केले; ते विनामूल्य असून त्याचा स्रोतही खुला आहे.

लेखनपद्धतीबद्दल एक सूचना सुरुवातीलाच द्यायला हवी. येथे फंक्शनांची नावे आणि आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, परंतु संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या आहेत, आणि अंकही इंग्रजी पद्धतीचेच वापरायचे आहेत. ज्या नावाचे स्पेलिंग चुकण्याचा संभव आहे, तेथे ते कोणत्या शब्दांपासून बनले आहे हे सांगितले आहे.

सॉफ्टवेअर आणि त्याची मदत बसवणे

उबुंटू किंवा डेबियन वापरणाऱ्यांनी टर्मिनल उघडून "सुडो ॲप्ट इन्स्टॉल परी-जीपी परी-डॉक" ही आज्ञा द्यावी. यातील दुसरे पॅकेज अनेक जण सोडून देतात आणि तेथेच पुढची अडचण सुरू होते. पहिल्या पॅकेजमध्ये गणकयंत्र आणि प्रत्येक फंक्शनची दोन-चार ओळींची संक्षिप्त माहिती असते. सविस्तर पुस्तिका दुसऱ्या पॅकेजमधून येते. विंडोजसाठी परी-जीपीच्या संकेतस्थळावर तयार इन्स्टॉलर मिळतो. हे काम शहरात, चांगले नेटवर्क असताना उरकून घ्यावे आणि लगेच तपासूनही पाहावे. गावी पोहोचल्यावर पुस्तिका नाही असे लक्षात आले तर काहीच करता येत नाही.

टर्मिनलमध्ये "जीपी" ही दोन अक्षरे टंकून एंटर दाबले की आवृत्तीची माहिती दिसते आणि त्याखाली प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा कोठे टंकायची हे दाखवणारी खूण, येतो. हा प्रॉम्प्ट स्वतःच एक प्रश्नचिन्ह आहे, आणि मदत मागण्याची आज्ञाही प्रश्नचिन्हच आहे. त्यामुळे एक प्रश्नचिन्ह टंकले की पडद्यावर दोन दिसतात, दोन टंकले की तीन दिसतात, आणि नवखा विद्यार्थी गोंधळतो. ज्यांना हे खटकते त्यांनी "डिफॉल्ट(प्रॉम्प्ट, "जीपी> ")" अशी आज्ञा देऊन प्रॉम्प्ट बदलून घ्यावा. मी शिकवताना पहिल्याच तासाला तो बदलायला लावतो. येथून पुढे मी जितकी प्रश्नचिन्हे लिहीन तितकी स्वतः टंकायची आहेत, प्रॉम्प्टचे धरायचे नाही.

एक प्रश्नचिन्ह

ओळीच्या सुरुवातीला फक्त ? टंकून एंटर दाबल्यास विषयसूची येते. तिच्यात प्रत्येक विभागाला क्रमांक असतो: प्रोग्रॅमिंग, क्रियाचिन्हे, रूपांतरे, अंकशास्त्रीय फंक्शने, बहुपदी, सारण्या आणि रेषीय बीजगणित, बीजातीत फंक्शने, बेरजा व संकलन, संख्याक्षेत्रे, विवृत्तीय वक्र, आलेख वगैरे. हव्या त्या विभागाचा क्रमांक प्रश्नचिन्हाला जोडून दिला, उदाहरणार्थ ?5, की त्या विभागातील सर्व फंक्शनांची नावे स्तंभांत मांडून येतात. विभागांचे क्रमांक आवृत्तीनुसार बदललेले आहेत, म्हणून ते वहीत लिहून पाठ करण्यात अर्थ नाही. दर वेळी आधी नुसते ? द्यावे आणि मग क्रमांक निवडावा.

याशिवाय प्रश्नचिन्हाच्या आणखी काही आज्ञा आहेत. ?* दिल्यास सर्वच फंक्शनांची यादी येते, जिचा नवख्यांना फारसा उपयोग नाही. ?\ दिल्यास उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या छोट्या आज्ञा कळतात: अचूकता बदलणारी, फाइल वाचणारी, बाहेर पडण्याची, सध्याच्या सर्व सेटिंग दाखवणारी. ?. ने संख्याक्षेत्रासारख्या मोठ्या रचनेतून तिचा विवेचक किंवा तिची बहुपदी टिंब लावून कशी काढावी हे समजते. आणि ?0 ने आपण स्वतः तयार केलेली फंक्शने दिसतात, ज्याकडे लेखाच्या शेवटी पुन्हा यावे लागेल.

फंक्शनचे नाव माहीत असेल तर प्रश्नचिन्हापुढे ते नाव कंसाशिवाय लिहावे. ?जीसीडी दिल्यास मसावि काढणाऱ्या फंक्शनची ओळ येते, ?एलसीएम दिल्यास लसाविची.

संक्षिप्त मदतीची ओळ नीट वाचणे

मदत मागणे सर्वांना एका दिवसात जमते. मदतीत आलेली ओळ वाचणे मात्र शिकावे लागते, आणि माझ्या मते खरा अभ्यास येथेच आहे. या ओळीची एक ठरलेली भाषा आहे.

आधी फंक्शनचे नाव, मग कंसात त्याला द्यायच्या राशी, मग विसर्गचिन्ह (:) आणि त्यानंतर इंग्रजीत अर्थ, अशी रचना असते. कंसातील एखादी राशी महिरपी कंसात असेल तर ती दिली नाही तरी चालते. तिच्यासमोर बरोबरचे चिन्ह आणि किंमत असेल तर आपण काही न दिल्यास तीच किंमत धरली जाते. सिग्मा या फंक्शनची मदत पाहा: तिच्यात एक्स ही राशी उघडी आहे आणि के ही महिरपी कंसात, किंमत १ अशी आहे. म्हणजे सिग्मा(६१७४) मागितल्यास ६१७४ च्या सर्व विभाजकांची बेरीज मिळेल, आणि सिग्मा(६१७४, ०) मागितल्यास विभाजकांच्या शून्याव्या घातांची बेरीज, अर्थात विभाजकांची संख्या मिळेल. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांमुळे जगभर ओळखली जाणारी ही संख्या २ × ३² × ७³ अशी फुटते, म्हणून पहिले उत्तर ३ × १३ × ४०० म्हणजे १५६०० आणि दुसरे २ × ३ × ४ म्हणजे २४ यायला हवे. एकच फंक्शन दोन वेगळी कामे करते हे फक्त त्या महिरपी कंसावरून कळते, आणि ज्याने तो कंस पाहिला नाही तो विभाजक मोजण्यासाठी उगाच प्रोग्रॅम लिहीत बसतो.

मदत वाचल्यावर अशा लहान संख्येवर, जिचे उत्तर हाताने काढता येते, एकदा पडताळणी करण्याची सवय लावून घ्यावी. मदतीच्या ओळीचा आपण लावलेला अर्थ बरोबर आहे की नाही हे ठरवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

राशीच्या आधी & हे चिन्ह दिसल्यास फंक्शन त्या जागी आपण दिलेल्या चलात काहीतरी भरून देणार आहे असे समजावे. इज आणि स्क्वेअर हे शब्द जोडून झालेले इजस्क्वेअर हे फंक्शन संख्या पूर्ण वर्ग आहे की नाही एवढेच १ किंवा ० असे सांगते; पण दुसऱ्या जागी &आर दिले तर वर्गमूळही आर या चलात ठेवते. इजस्क्वेअर(६२४१, &आर) चे उत्तर १ येते आणि नंतर आर विचारल्यास ७९ मिळतात. & विसरला तर चल भरले जात नाही.

फ्लॅग या नावाची राशी अनेक फंक्शनांत आढळते. तिची किंमत पद्धत बदलते, काही वेळा उत्तराचे स्वरूपही बदलते. मूळसंख्या तपासणाऱ्या इजप्राइमच्या मदतीत फ्लॅग न दिल्यास अनेक पद्धती एकत्र वापरल्या जातात, १ दिल्यास पॉकलिंग्टन-लेमर कसोटी आणि २ दिल्यास एपीआरसीएल कसोटी वापरली जाते असे लिहिलेले असते. त्याच्या शेजारी इजस्यूडोप्राइम आहे (इज, स्यूडो आणि प्राइम हे तीन शब्द जोडलेले). त्याच्या मदतीत "सिद्ध" हा अर्थ देणारा शब्द कोठेही नाही, आणि तो नसणे महत्त्वाचे आहे: हे फंक्शन फार वेगाने चालते, पण त्याचे "हो" म्हणजे सिद्धता नव्हे. २⁶⁴ पेक्षा लहान संख्यांसाठी त्यामागची बीपीएसडब्ल्यू कसोटी (मूळसंख्या ओळखण्याची एक वेगवान चाचणी) कधीच फसत नाही हे तपासले गेले आहे, आणि त्यापुढेही ती फसल्याचे एकही उदाहरण आजवर सापडलेले नाही; तरीही प्रबंधात "ही संख्या मूळ आहे" असे लिहायचे असेल तर इजप्राइमच वापरले पाहिजे. पुढची मूळसंख्या देणाऱ्या नेक्स्टप्राइमच्या मदतीतही स्यूडोप्राइम हाच शब्द आहे. नावावरून तसे वाटत नाही, मदत वाचली तरच कळते.

असाच एक लहान पण नेहमी नडणारा मुद्दा लॉग या फंक्शनचा आहे. बारावीपर्यंत लॉगचे कोष्टक वापरलेल्या विद्यार्थ्याला लॉग(१००) चे उत्तर २ अपेक्षित असते आणि येते ४.६०५ च्या आसपास. ?लॉग दिल्यास पहिल्याच ओळीत तो नैसर्गिक लॉग असल्याचे सांगितलेले आहे.

टंकता टंकता मदत

लिनक्सवरील जीपीमध्ये ओळ लिहितानाच मदत घेण्याची सोय असते आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. नावाची पहिली काही अक्षरे लिहून टॅब दाबावा. इज आणि त्यापुढे पी एवढे लिहून दोनदा टॅब दाबल्यास इजप्राइम, इजपॉवर, इजस्यूडोप्राइम असे सारे पर्याय पडद्यावर येतात, आणि कित्येकदा आपल्याला माहीत नसलेले पण हवे असलेले फंक्शन त्यांतच सापडते.

दुसरी सोय आल्ट आणि एच या कळांची. लांबलचक ओळ अर्धी लिहून झाली आहे, कर्सर एखाद्या फंक्शनच्या नावाला लागून आहे आणि राशींचा क्रम आठवत नाही, अशा वेळी आल्ट दाबून लहान एच दाबला की त्या फंक्शनची संक्षिप्त मदत दिसते आणि लिहिलेली ओळ जशीच्या तशी राहते. मोठा एच दाबला तर सविस्तर मदत येते. काही टर्मिनलमध्ये आल्ट ही कळ मेनू उघडण्यासाठी राखलेली असते. तेथे एस्केप दाबून सोडावी आणि मग एच दाबावा.

चुकीची आज्ञा दिल्यावर प्रॉम्प्ट बदलून "ब्रेक>" असा होतो, तेव्हा घाबरून खिडकी बंद करू नये. चूक कोठे झाली हे पाहण्यासाठी जीपी तेथे थांबलेले असते. कंट्रोल आणि डी दाबले की नेहमीचा प्रॉम्प्ट परत येतो आणि आधीची सर्व चले शाबूत असतात.

नाव माहीत नसताना: तीन प्रश्नचिन्हे, मग एक, मग दोन

आता मुख्य कामाकडे वळू. सॉफ्टवेअरमध्ये शेकडो फंक्शने असतात आणि आपल्याला गणित माहीत असते, नाव माहीत नसते. अशा वेळी शोध कसा घ्यावा हे एका खऱ्या प्रश्नावर दाखवणे योग्य ठरेल. क्ष² − ६१य² = १ या समीकरणाचे सर्वांत लहान धन पूर्णांक उत्तर काढायचे आहे. भास्कराचार्यांनी हे समीकरण ११५० मध्ये चक्रवाल पद्धतीने सोडवले; पाच शतकांनंतर, १६५७ मध्ये, फर्माने हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला. उत्तर इतके मोठे आहे की य ला एकेक किंमत देऊन ते हाताने सापडणार नाही.

हे समीकरण √६१ जोडून मिळणाऱ्या संख्यांमधील एककांशी (ज्यांचा व्यस्तही त्याच संख्यांमध्ये असतो अशा संख्यांशी) निगडित आहे एवढे अभ्यासक्रमातून माहीत असते. तेव्हा शोधशब्द ठरतो "युनिट". पुस्तिका इंग्रजीत असल्याने शब्द इंग्रजीच द्यावा लागतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने विभाजक, विवेचक, एकक, अवशेष अशा नेहमीच्या संज्ञांचे इंग्रजी प्रतिशब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत, शोध बराच सोपा होतो. आता ???युनिट अशी आज्ञा द्यावी. ज्या फंक्शनांच्या वर्णनात हा शब्द येतो त्या सर्वांची यादी पडद्यावर येईल. यादी लांब असली तरी ती वाचताना एकच प्रश्न मनात ठेवावा: आपल्या समस्येतील दुसरा महत्त्वाचा शब्द कोणत्या नावात आहे? आपली संख्या वर्गमुळातून आलेली, म्हणजे द्विघाती आहे. यादीत क्वाडयुनिट हे नाव आहे, जे क्वाड्रॅटिक या शब्दाची पहिली चार अक्षरे आणि युनिट यांचे बनले आहे. उमेदवार मिळाला.

दुसरी पायरी ?क्वाडयुनिट. संक्षिप्त मदत सांगते की विवेचक डी दिला की मूलभूत एकक मिळते आणि डी धन असला पाहिजे. येथवर थांबून बहुतेक जण क्वाडयुनिट(६१) मागतात आणि उत्तर येते १७ + ५*डब्ल्यू.

हा डब्ल्यू म्हणजे काय? ६१ चे वर्गमूळ असावे असे गृहीत धरले तर पडताळणी करावी: १७² − ६१ × ५² म्हणजे २८९ − १५२५, म्हणजे −१२३६. एककाचे मान (नॉर्म, म्हणजे अ + ब√६१ साठी अ² − ६१ब²) १ किंवा −१ असलेच पाहिजे, म्हणून गृहीतक चुकलेले आहे. संक्षिप्त मदतीत याचा उलगडा नाही. आता दोन प्रश्नचिन्हांची वेळ आली.

??क्वाडयुनिट दिल्यास पुस्तिकेतील संपूर्ण उतारा टर्मिनलमध्ये उघडतो. उतारा लांब असेल तर एक पडदा भरल्यावर तो थांबतो आणि एंटर दाबल्यावर पुढे जातो. सविस्तर मदत वाचताना केवळ मजकूर नव्हे, तर त्यात उल्लेखलेली इतर फंक्शनांची नावेही टिपावीत, कारण एका उताऱ्यात अर्धवट वाटणारी गोष्ट बहुधा दुसऱ्या उताऱ्यात पूर्ण केलेली असते. द्विघाती संख्या निर्माण करणारे मूळ फंक्शन आहे क्वाडजेन, तेव्हा ??क्वाडजेन द्यावे. तेथे व्याख्या मिळते: डब्ल्यू म्हणजे (अ + √डी) / २, जेथे डी ला ४ ने भागल्यावर बाकी ० उरत असल्यास अ शून्य आणि बाकी १ उरत असल्यास अ एक. ६१ ला ४ ने भागल्यावर १ उरतो, म्हणून येथे डब्ल्यू = (१ + √६१) / २. आता १७ + ५*डब्ल्यू म्हणजे (३९ + ५√६१) / २, आणि मान येते (१५२१ − १५२५) / ४ = −१. पडताळणी जुळली.

याच व्याख्येतून पुढचा मार्गही दिसतो. आपल्याला दोनने भागलेले नव्हे, तर पूर्णांकी क्ष आणि य हवे आहेत. म्हणजे डब्ल्यू हा नेमका √६१ असला पाहिजे. त्यासाठी डी ला ४ ने भाग जायला हवा आणि √डी / २ हे √६१ व्हायला हवे, म्हणजे डी = ४ × ६१ = २४४. क्वाडयुनिट(२४४) चे उत्तर येते २९७१८ + ३८०५*डब्ल्यू. नॉर्म हे फंक्शन लावून मान विचारावे. ते −१ आहे. आपल्याला +१ हवा, म्हणून या एककाचा वर्ग करावा: १७६६३१९०४९ + २२६१५३९८०*डब्ल्यू. क्ष = १७६६३१९०४९ आणि य = २२६१५३९८०, हेच भास्कराचार्यांचे उत्तर.

या सगळ्या प्रवासात गणकयंत्राला क्षणही लागला नाही. वेळ गेला तो वाचनात, आणि तो तसाच जायला हवा होता. तीन प्रश्नचिन्हांनी नाव दिले, एका प्रश्नचिन्हाने राशी सांगितल्या, दोन प्रश्नचिन्हांनी अर्थ सांगितला. यांपैकी तिसरी पायरी गाळली असती तर १७ आणि ५ हे चुकीचे आकडे उत्तर म्हणून वहीत गेले असते, आणि सॉफ्टवेअरने एकही चूक दाखवली नसती.

दोन प्रश्नचिन्हांपुढे फंक्शनच्या नावाऐवजी ट्यूटोरियल हा शब्द दिला तर सुरुवातीपासून शिकवणारी पुस्तिका उघडते आणि रेफकार्ड दिला तर आज्ञांचे संक्षिप्त पत्रक उघडते. या दोन्हींसाठी संगणकावर दस्तऐवज दाखवणारा प्रोग्रॅम असावा लागतो. पत्रक छापून घेण्याजोगे आहे.

जीपीच्या बाहेरून: जीपीहेल्प

दोन आणि तीन प्रश्नचिन्हांमागे प्रत्यक्ष काम करणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, ज्याचे नाव जीपीहेल्प. तो पर्ल भाषेत लिहिलेला आहे, म्हणून संगणकावर पर्ल असणे आवश्यक असते. लिनक्सवर ते बहुधा असतेच. ?? दिल्यावर मदतीचा प्रोग्रॅम सापडत नाही असा संदेश आला, तर परी-डॉक पॅकेज बसवलेले आहे का हे पाहावे. तरीही अडत असेल तर जीपीमध्ये \ आणि डी ही आज्ञा देऊन सर्व सेटिंग पाहावीत. त्यांतील हेल्प या नावासमोर कोणत्या प्रोग्रॅमचा पत्ता लिहिला आहे ते कळते आणि डिफॉल्ट या फंक्शनने तो दुरुस्त करता येतो.

हा प्रोग्रॅम जीपी न उघडताही साध्या टर्मिनलमधून चालवता येतो. "जीपीहेल्प -डीटेक्स क्वाडजेन" असे दिल्यास क्वाडजेनचा उतारा साध्या मजकुरात येतो; डीटेक्स हा पर्याय छपाईच्या खुणा काढून टाकतो. "जीपीहेल्प -के युनिट" हे तीन प्रश्नचिन्हांचेच काम करते. टर्मिनलमध्ये प्रश्नचिन्हाला वेगळा अर्थ असल्याने तेथे ते वापरू नये.

याचा मोठा फायदा असा, की आज्ञेच्या शेवटी > चिन्ह आणि फाइलचे नाव दिले तर तो उतारा फाइलमध्ये उतरतो. सत्राच्या सुरुवातीला लागणाऱ्या पंधरा-वीस फंक्शनांचे उतारे अशा रीतीने एकत्र करून छापले, तर ज्यांच्याकडे स्वतःचा संगणक नाही त्या विद्यार्थ्यांनाही प्रयोगशाळेत येण्याआधी वाचून येता येते. माझा अनुभव असा, की वाचून आलेला विद्यार्थी संगणकासमोरचा मोजका वेळ शोधण्यात न घालवता गणितात घालवतो.

स्वतःच्या फंक्शनलाही मदत लिहिणे

आपण तयार केलेले फंक्शन महिन्याभराने आपल्यालाच कळत नाही, आणि दुसऱ्याला तर मुळीच नाही. त्यासाठी ॲडहेल्प (ॲड आणि हेल्प जोडून) हे फंक्शन आहे. उदाहरणासाठी बंधाऱ्याच्या पातळीचेच फंक्शन घेऊ: पंचगंगा(एच) = (एच >= ३९) + (एच >= ४३). जीपीमध्ये तुलना खरी असल्यास १ आणि खोटी असल्यास ० मिळतो, म्हणून पातळी इशाऱ्याच्या खाली असता ०, इशारा आणि धोका यांमध्ये १ आणि धोका पातळीला किंवा तिच्यावर २ असे उत्तर येते.

आता ॲडहेल्प(पंचगंगा, "...") या आज्ञेत अवतरणचिन्हांमध्ये माहिती लिहावी. ही माहिती सॉफ्टवेअरच्याच पद्धतीने लिहिली तर वाचणाऱ्याला सोपे जाते: आधी नाव आणि कंसात राशी, मग विसर्गचिन्ह, मग अर्थ. राशीचे एकक लिहायला विसरू नये. येथे एच फुटांत आहे, मीटरमध्ये नाही, आणि हे फंक्शनच्या व्याख्येवरून कोणालाही कळणार नाही; नेमक्या अशाच गोष्टींसाठी मदत असते. ० म्हणजे काय, १ म्हणजे काय, हेही तेथेच सांगावे. यानंतर ?पंचगंगा दिले की आपण लिहिलेली माहिती दिसते, आणि ?0 च्या यादीतही हे नाव आलेले असते.

जीपी बंद केले की ही व्याख्या आणि मदत दोन्ही जातात. म्हणून दोन्ही ओळी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात आणि दर वेळी \ व आर या आज्ञेपुढे फाइलचे नाव देऊन ती वाचून घ्यावी. गटाने प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ॲडहेल्पशिवाय फंक्शन जमा करू देत नाही. मदतीचे वाक्य लिहिताना फंक्शन कोणत्या राशींवर चालत नाही हे ठरवावे लागते, आणि त्यातूनच व्याख्येतील उणिवा लक्षात येतात.

इतर सॉफ्टवेअरकडे वळताना

हीच सवय अन्यत्रही उपयोगी पडते, मात्र चिन्हांचे अर्थ बदलतात. मॅक्सिमामध्ये एका प्रश्नचिन्हानंतर जागा सोडून नाव दिल्यास त्या नेमक्या नावाची माहिती मिळते, आणि दोन प्रश्नचिन्हे दिल्यास त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावांचा शोध होतो. म्हणजे मॅक्सिमातील दोन हे काम जीपीतील तीनच्या जवळचे आहे. सेजमध्ये प्रश्नचिन्ह नावाच्या नंतर येते: एक दिल्यास माहिती, दोन दिल्यास त्या फंक्शनचा मूळ प्रोग्रॅमच उघडतो. सेज आपली बरीचशी अंकशास्त्रीय गणिते आतून परीकडूनच करून घेते, त्यामुळे तेथील संक्षिप्त मदत अपुरी वाटल्यास जीपीमधील त्याच विषयाची सविस्तर मदत वाचून पाहावी. ऑक्टेव्हमध्ये चिन्हांऐवजी शब्द आहेत: नाव माहीत असल्यास हेल्प, पुस्तिकेतील प्रकरण हवे असल्यास डॉक, आणि नाव माहीत नसल्यास लुकफॉर. लुकफॉर बसवलेल्या सर्व फंक्शनांची मदत धुंडाळत असल्याने त्याला वेळ लागू शकतो. प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबावे.